मॅचिंगवाले परब

भर दुकानात, पन्नासेक बायकांच्या देखत, मी एका माणसाला विचारलं होतं, "डोळे आहेत की बटणं?" त्याचे डोळे तेव्हा खरोखरच जात होते. मला ठाऊक नव्हतं, पण ही काही सबब नाही. ठाऊक करून घ्यायला मला चांगली दोन वर्षं मिळाली होती आणि दर पंधरा दिवसांनी मी त्या माणसाच्या पुढ्यात उभी असायचे. त्या एका प्रश्नाने परबांचं दुकानातलं स्थान गेलं आणि तेही अशा रीतीने गेलं, की ज्या नजरेवर ते आयुष्यभर जगले तिचाच भर बाजारात तमाशा झाला.

तेव्हा मी बासष्ट वर्षांची होते. म्हणजे अगदीच पोरकट वय. नोकरीतून मोकळी झालेली, केस नुकतेच बर्गंडी रंगवून घेतलेले, गळ्यात मोबाइलची दोरी, आणि अंधेरीपासून बोरिवलीपर्यंतचा बाजार आपल्या तळहातावर आहे असा माज. आज त्या बाईची मला जेवढी किळस येते तेवढी मासळी बाजाराच्या मागच्या गटाराचीही येत नाही. गटार निदान तोऱ्यात नसतं.

हे सगळं उकरून निघालं ते आमच्या नातीमुळे. परवा ती फोन पुढ्यात धरून म्हणाली, आजी, उपनगरांतली तुझी आवडती ठिकाणं सांग. शॉपिंग, खाणं, संध्याकाळचा टाइमपास, सगळं. मी लिस्ट करतेय. मी सुटलेच. लेस आणि गोंडे घाटकोपरला, पूर्वेला नाही, पश्चिमेला. चपला अंधेरीला, पण ऊन उतरल्यावर, कारण पाय दुपारी सुजतात. नाटक पाहायचं तर मुलुंडला, तिथल्या खुर्च्या बऱ्या. सुके बोंबील भांडुपला, आणि ते आणताना दोन पिशव्या, नाहीतर रिक्षावाला उतरवून ठेवतो. पोरगी भराभरा टाइप करत होती. मग तिने विचारलं, आणि मॅचिंगसाठी गं? हल्ली मी ऑनलाइन मागवते, म्हणाले. साफ खोटं. ऑनलाइन मागवलेला ब्लाउजपीस मी अजून एकदाही अंगाला लावलेला नाही.

बोरिवली पश्चिमेला स्टेशनपासून आत वळलं की एक गल्ली लागते. तोंडाशी उसाचा रस, त्यावर माशा, पुढे पाणीपुरीवाला, त्याच्या बादलीत बुडणाऱ्या प्लेटा, मग पान खाऊन लाल केलेला विजेचा खांब, आणि त्या खांबाला लागून तीन पायऱ्या चढून मॅचिंगचं दुकान. जमिनीपासून छतापर्यंत खण, खणाखणात ब्लाउजच्या टू बाय टू कापडाचे तागे. एका निळ्याच्याच बावीस छटा. बाहेरून पाहिलं तर वाटायचं, कोणीतरी इंद्रधनुष्य घड्या घालून ठेवलंय. हे वाक्य माझंच, मी ते पाहुण्यांना ऐकवायचे. परबांनी एकदा ऐकलं आणि म्हणाले, "इंद्रधनुष्यात मेंदी कलर नसतो, ताई."

गुणाजी परब. शिडशिडीत, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, कानावर पेन्सिल, कमरेला खोचलेलं ओलं फडकं. हे फडकं फार महत्त्वाचं. प्रत्येक गिऱ्हाइकाआधी ते हात पुसायचे, आणि गिऱ्हाइकाचे हात बघायचे. गल्लीत पाणीपुरी चापून तशाच चिंचेच्या बोटांनी कापडाला हात लावणाऱ्या बायका त्यांना सहन व्हायच्या नाहीत. डावी नाकपुडी वर चढायची. तोंडाने काही नाही, ओलं फडकं फक्त पुढे सरकवायचे. मी स्वतः ते फडकं कितीदा वापरलंय ते सांगत नाही.

त्यांच्या किळसेला तीन पायऱ्या होत्या. साधं चुकीचं मॅचिंग दिसलं की "हं". त्याहून वाईट असेल तर "शी, ह्या काय गो?" हे मालवणी शब्द शेठ गल्ल्यावर नसतानाच निघायचे, शेठसमोर सगळ्या बायका ताई होत्या. आणि तिसरी पायरी म्हणजे ते काही न बोलता तुमची साडी घडी घालून तुमच्याच पिशवीत परत ठेवायचे. माझी चिंतामणी रंगाची साडी त्यांनी पहिल्याच भेटीत अशी परत ठेवली होती. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाची, नवऱ्याने स्वतः निवडलेली. मी कारण विचारलं. म्हणाले, उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्याच. हिला कुठलाही ब्लाउज लावलात तरी तो भाड्याने आणलेला वाटणार. मी तणतणत दुसऱ्या दुकानातून ब्लाउज आणला. फोटो आहेत. भाड्याने आणलेला वाटतो.

दुसऱ्या महिन्यात मी मुकाट्याने परत गेले. तेव्हापासून परब माझे झाले.

त्यांची कामाची एक पद्धत होती. दुकानात ते कधीच मॅचिंग ठरवायचे नाहीत. तागा खांद्यावर टाकायचे, साडीचा पदर हातात घ्यायचा, तीन पायऱ्या उतरून फुटपाथवर यायचं, उन्हात नाही आणि सावलीतही नाही अशा एका जागी उभं राहायचं आणि दोन्ही शेजारी धरून म्हणायचं, "बघा." ट्यूबखाली रंग खोटं बोलतात, असं त्यांचं मत होतं. संध्याकाळी चारनंतर अवघड छटा घेऊन गेलात तर सरळ सांगायचे, उद्या या. शेठ गुजराती, हाडाचा व्यापारी, तरी त्याने याबाबतीत परबांना कधी टोकलं नाही. परत आलेला माल त्या दुकानात कोणी पाहिलाच नव्हता.

ही नजर गिरणीतली. तरुणपणी परब परळच्या एका गिरणीत रंगखात्यात होते. उत्तरेकडच्या खिडकीशी बसून आजचा तुकडा कालच्या तुकड्याशी ताडून बघायचा, एवढंच काम. त्या दिवसांविषयी ते हौसेने बोलायचे नाहीत, बोलले तरी तोंड वाकडं करून. निळ्याची पाळी असली की तीन दिवस थुंकी निळी यायची, नाक शिंकरलं तर रुमाल निळा, बायको भात वाढताना म्हणायची, आधी जीभ दाखवा. गिरणी बंद पडली, रंगखात्यातले बरेचजण वॉचमन झाले, कोणी चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये पॅकिंगला लागले. परब नजर घेऊन बोरिवलीला आले.

आणि स्मरण असं, की अंगावर काटा यावा. साडी न नेता गेलं तरी चालायचं. "ती अंजिरी ना, बारीक जरीची? पाच वर्षांपूर्वी अस्तर नेलं होतंत." उठून नेमका तागा काढायचे. मला या गोष्टीचा भलताच अभिमान. नाशिकची नणंद आली, पुण्याच्या भाच्या आल्या, की माझी ठरलेली टूर असायची. आधी पाणीपुरी, मग परब, मग कुल्फी. दुकानात शिरलं की मी डोळे मिचकावून म्हणायचे, परब, आमच्या वन्संच्या मुलीच्या साखरपुड्यातली साडी कुठली हो? ते सांगायचे. नणंद टाळ्या वाजवायची. मी अशी आजूबाजूला बघायचे, की जणू डोंबारी मीच. त्यांची डावी नाकपुडी तेव्हाही वर चढलेली असायची. मला वाटायचं, पाणीपुरीचा वास येत असेल.

कांदिवलीला मोठा मॉल झाला तेव्हाची गोष्ट तर मी आजवर कोणाला सांगितली नाही. दुपारी गारव्यासाठी मी तिथे हिंडत होते. तळमजल्यावर कपड्यांच्या एका झगमगीत दुकानात परब. शेठने पाठवलं असणार, हे नवे लोक काय विकतात ते बघून या म्हणून. पिवळ्या दिव्यांखाली ते एक ओढणी हातात घेऊन उभे होते, चेहरा असा की कोणी शिळं कालवण पुढ्यात ठेवलंय. मग ते सवयीने चालू लागले. ओढणी खांद्यावर, सरळ दाराबाहेर, उजेडाकडे. दारातलं यंत्र कोकलायला लागलं. दोन गार्ड धावले. परब त्यांना शांतपणे समजावत होते, की चोरी नाही, रंग बघायचाय, तुमच्या लाइटीत दिसत नाही. गार्ड हसत होते. मग त्यांनी दंडाला धरलं. परबांनी इकडेतिकडे पाहिलं, कोणी ओळखीचं आहे का म्हणून.

मी होते. दहा पावलांवर. हातात कॉर्नचा कप. मी वळले आणि सरकत्या जिन्याने वर गेले. वरून पाहिलं, मॅनेजर येऊन बोलला, सोडलं त्यांना. मका मी तिथेच उभ्याने संपवला.

पुढच्या आठवड्यात मी त्यांच्याकडे अस्तर घ्यायला गेले. नेहमीसारखंच.

आता ते नवरात्र. परबांना नऊ दिवसांचे नऊ रंग या प्रकाराचा अतोनात तिटकारा. देवीला काय ऑफिसचा युनिफॉर्म हवाय, असं पुटपुटायचे. पण दुकानाचा खरा हंगाम तोच. आमच्या सोसायटीच्या मैदानात गरब्याची स्पर्धा होती आणि आम्ही चौदा जणींनी नाव दिलं होतं. पांढऱ्या साड्या, मोरपिशी काठ, मोरपिशी ब्लाउज. मॅचिंगची जबाबदारी कोणाची? अर्थात माझी. मी मीटिंगमध्ये हात वर करून सांगितलं होतं, परब माझे आहेत, डोळे झाकून निर्धास्त राहा.

दुपारी अडीचला गेले. चारच्या आत. परबांनी हात पुसले, नमुन्याचा काठ घेतला, तागा काढला, आम्ही फुटपाथवर आलो. त्यांनी दोन्ही धरलं आणि म्हणाले, "बघा, ताई." नेमका माझ्या जावेचा फोन आला. स्पर्धेनंतर फरसाण कुठून मागवायचं, यावर तिचं आणि माझं जुंपलं. मी फोनवर बोलता बोलता हाताने खूण केली, कापा. परब हलले नाहीत. पुन्हा म्हणाले, "ताई, बघा ना." मी फोन बाजूला करून म्हणाले, "कापा हो, परब. तुमच्यावर विश्वास आहे."

सात पिसांवर तो तागा संपला. ते आत गेले, त्याच खणातून दुसरा काढला, पुन्हा बाहेर आले, पुन्हा काठाशी धरला, पुन्हा तेच दोन शब्द. मी तोवर सुरळीच्या वड्यांवर पोचले होते. पाठ फिरवूनच मी हात हलवला.

आमच्या इमारतीतल्या शिवणाऱ्या बाईने ब्लाउज जिच्या तिच्या घरी एकेक करून पोचवले, त्यामुळे चौदा ब्लाउज एकत्र कोणी पाहिलेच नाहीत. पाहिले ते थेट स्टेजवर, संध्याकाळी सातला, हॅलोजनखाली. सात जणी मोरपिशी, सात जणी रामा हिरव्या. बरोबर अर्ध्या. निवेदकाने माइकवर विचारलं, दोन टीम आहेत का? मैदान हसलं. आम्ही नाचलो. ऑक्टोबरचा उकाडा, जाडं अस्तर, पाठीतून धारा, आणि वळताना प्रत्येकजण माझ्याकडे बघत होती. बक्षीस मिळालं नाही, हे सांगायला नको. स्टेजमागे एकजण म्हणाली, काय गं, तुझे परब ना?

या "तुझे परब"ने माझं डोकं फिरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोन ब्लाउज पिशवीत कोंबले. माझा आणि जोशीबाईंचा. न धुतलेले. बगलेत घाम वाळून मिठाच्या पांढऱ्या रेषा आलेल्या, वर डिओची गुळमट घाण. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. मी गर्दीतून घुसले आणि ते दोन्ही ब्लाउज परबांच्या पुढ्यात, त्यांच्या स्वच्छ पुसलेल्या फळीवर आपटले. आणि तो प्रश्न विचारला.

परबांनी फडक्याने हात पुसले. चिंचेचं बोट सहन न होणारा तो माणूस, त्याने ते घामट ब्लाउज दोन्ही हातांनी उचलले, तीन पायऱ्या उतरला आणि आपल्या जागेवर जाऊन उभा राहिला. आम्ही सगळ्या दारातून बघत होतो. त्यांनी एक उजेडात धरला, दुसरा धरला, जवळ आणले, लांब नेले, मान तिरकी करून कडेने बघितलं. रस्त्यावरची माणसंही थांबली. मला आठवतं, मी कमरेवर हात ठेवला होता.

ते परत आले आणि म्हणाले, "ताई, दोन्ही एकच आहेत."

मागून कोणीतरी फिस्सकन हसलं. एक कॉलेजातली मुलगी सहज बोलून गेली, अंकल, एक ग्रीन आहे ना. परब तिच्याकडे बघत राहिले, म्हणजे तिच्या आवाजाकडे. मग शेठ गल्ल्यावरून उठला. माझी अपेक्षा, आता झाडणार. त्याने परबांचा हात हातात घेतला आणि हलक्या आवाजात विचारलं, "परबभाय, कब से?"

परबांनी कानावरची पेन्सिल काढून फळीवर ठेवली. कमरेचं फडकं काढून त्याची नीट घडी घातली. पायऱ्या उतरताना त्यांनी पाय पुढे सरकवून प्रत्येक पायरीची कड चाचपली, तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, की गेल्या कित्येक महिन्यांपासून ते असेच उतरतात.

आणि मी काय केलं? मी फळीमागच्या दुसऱ्या माणसाला म्हणाले, मोरपिशीचे सात पीस द्या, नीट बघून. त्याने दिले. मी घेतले. घरी येऊन दुपारी जेवलेसुद्धा. आंबट वरण होतं.

दिवाळी उलटल्यावर शेठकडून पत्ता घेऊन मी चारकोपला गेले. पेढे घेऊन गेले, बघा, जणू कोणी पास झालं होतं. सेक्टरमधलं बैठं घर, पुढे हातभर अंगण, दारात तुळस. परबवहिनींनी दार उघडलं. ठेंगण्या, ठसठशीत, हातात सोललेल्या लसणाचं ताट. मी नाव सांगितलं. त्यांनी मला पायांपासून केसांपर्यंत पाहिलं आणि बर्गंडीवर थोडं जास्त थांबल्या.

परब आत खुर्चीवर होते. माझा आवाज ऐकून "या, ताई" म्हणाले, आणि मी पाठ करून आणलेली माफी सुरू करायच्या आतच त्यांनी सगळं सांगून टाकलं. तक्रार म्हणून नाही, कामाची पद्धत समजावून सांगावी तसं. काचबिंदू. आधी निळ्या-हिरव्यातला फरक गेला, मग इतर. गेलेलं परत येत नाही, असं डॉक्टर म्हणाला. दोन वर्षं त्यांनी दुकान जागेवरून चालवलं. कुठला तागा कुठल्या खणात, ते हाताला पाठ होतं. आणि उरलेलं बायकांच्या आवाजावरून. फुटपाथवर कापड धरायचं, बघा म्हणायचं आणि ऐकायचं. जुळलं असलं की बाई चटकन "हं" म्हणते. नसलं की आधी श्वास घेते. दोन वर्षांत एकदाही चुकलं नाही. त्या नवरात्रात शेठने नऊ रंग पुढे मांडायचे म्हणून खण बदलले होते, तेव्हा त्यांना आवाजाचीच गरज होती.

"तुम्ही फोनवर होतात," ते म्हणाले. एवढंच.

मी बोलले. खूप बोलले. चुकले, क्षमा करा, माझी जीभ झडो, असलं सगळं, नाटकातल्यासारखं. मध्येच मला रडू आलं आणि त्या रडण्याचीही मला शिसारी आली, कारण त्यात एक डोळा बरोबर वहिनींकडे होता, त्या बघतायत ना म्हणून. परब ऐकत होते की नाही कळेना. त्यांचं तोंड खिडकीकडे होतं. बाहेर कोणाचे तरी कपडे वाळत होते आणि त्यांवरचं ऊन त्यांच्या गालावर पडलं होतं.

मी थांबले तेव्हा वहिनींनी लसणाचं ताट खाली ठेवलं. म्हणाल्या, दिवाळीच्या पाडव्याला ते स्वतःच शेठला सांगून काम सोडणार होते. गिऱ्हाइकांसमोर, मानाने, वहीपूजन झाल्यावर. चार शब्द बोलायचे म्हणून महिनाभर आधीच भाषण बांधलं होतं. गिरणीपासून दुकानापर्यंतचं सगळं त्यात होतं. तो पाडवा घरात बसून गेला. शेठ मिठाई घेऊन आला होता, पण बंद दाराआड एका माणसासमोर भाषण कसं करणार? केलंच नाही.

हे ऐकताना परब खुर्चीतून उठले. शर्ट खाली ओढून सरळ केला, हाताने भिंतीचा अंदाज घेतला आणि खोलीच्या मधोमध येऊन उभे राहिले. मी घाईघाईने पिशवी उचलली, येते म्हणाले, पुन्हा सवडीने येईन म्हणाले. वहिनींनी माझ्या हातातली पिशवी काढून घेतली, दाराची कडी लावली आणि म्हणाल्या:

"खय चाललात? बसा. भाषण पाठ आसा, रोज माका एकटीक ऐकवतत. आज तुम्ही ऐका. आणि तो फोन आधी बंद करा."